पनवेलकर ते प्रबोधनकार : एका निर्भीड पत्रकाराची जीवनकथा

आडनावांचा इतिहास मोठा गमतीचा असतो. नाशिककडील धोडप किल्ल्याची किल्लेदारी पूर्वजांकडे होती, म्हणून एका कायस्थ प्रभू घराण्यास धोडपकर म्हणत. पुढे हे घराणे पनवेलला स्थिरावले आणि त्यातील सीतारामपंत स्वतःस पनवेलकर म्हणवू लागले. मुलाला शाळेत घालावयाची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी घराण्याचे मूळचे आडनाव शोधून काढले आणि मुलाचे नाव केशव सीताराम ठाकरे असे नोंदविले. सीतारामपंतांनी त्या दिवशी आपलेच आडनाव पुढे चालविले असते, तर अवघा महाराष्ट्र ज्यांना प्रबोधनकार ठाकरे म्हणून ओळखतो ते प्रबोधनकार पनवेलकर झाले असते आणि आपल्या गावाचे नाव मराठी वृत्तपत्रसृष्टीत कायमचे कोरले गेले असते. तसे घडले नाही. त्यामुळेच की काय, प्रबोधनकार मूळचे पनवेलचे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी पनवेलच्या पूर्वसूरींपैकी एखाद्याविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा माझ्यासमोर हेच नाव आले. ते जैन नव्हते. कोणत्याच धर्मातील रूढींची त्यांनी भीड ठेवली नाही, हेही प्रारंभीच सांगितलेले बरे. परंतु आपल्या समाजातील एका थोर पुरुषाच्या जीवनाशी त्यांचे जीवन असे काही जोडले गेले आहे की, त्या पुरुषाचे स्मरण करताना यांचा विसर पडणे योग्य नव्हे. तो भाग यथाक्रम येईलच.

केशवरावांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेल येथे झाला. त्या वेळचे पनवेल आजच्या पिढीच्या डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील हे एक बंदर होते. रेल्वे नव्हती, ती यावयास १९६० नंतरची वर्षे उजाडावी लागली. खाडीतून भरती-ओहोटीचा मेळ साधून मचवे मुंबईस ये-जा करीत आणि पुण्याकडचा माल बोरघाट उतरून बैलगाड्यांनी येई. भात, मीठ यांचा व्यापार मोठा. येथे बनणाऱ्या गाड्यांच्या चाकांना दूरवर मागणी असे. नगरपालिका १८५२ सालापासूनची. म्हणजे गाव लहान, पण जगाशी रोजचा व्यवहार असलेले. अशा गावात नाना जातींची, नाना धर्मांची माणसे एकमेकांच्या दुकानांत आणि ओसऱ्यांवर भेटत असतात. विटाळ-चांडाळाचे नियमही असतात आणि व्यवहारापुढे ते वाकतातही. चौकस मुलाला एवढी शाळा पुरेशी होती.

घरात तर त्याहून मोठी शाळा होती. वडिलांच्या आईला सारे ‘बय’ म्हणत. ही बय गावातील बायकांची बाळंतपणे करी. जात विचारीत नसे आणि मोबदल्यास हात लावीत नसे. रात्री-अपरात्री कोणीही दारात उभे राहिले की ती निघे. शिवाशिवीचे स्तोम या घरात चालले नाही. प्रबोधनकारांनी उतारवयात ‘माझी जीवनगाथा’ लिहिली तेव्हा या आजीच्या आठवणी त्यांनी फार आपुलकीने सांगितल्या. पुढील आयुष्यात ज्यांनी अनेक ग्रंथांचे आधार देऊन अस्पृश्यतेवर प्रहार केले, त्यांचा पहिला ग्रंथ ही निरक्षरांच्या घरांतून फिरणारी आजीच होती, असे मला वाटते.

वडीलही त्याच वळणाचे. प्लेगच्या साथीत माणसे गाव सोडून पळत असताना सीतारामपंत रुग्णांच्या मदतीस धावत राहिले आणि त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला.

बालपणीचा एक प्रसंग तर प्रसिद्धच आहे. शेजारच्या एका अजाण मुलीचे लग्न साठी उलटलेल्या म्हाताऱ्याशी ठरले. मांडव पडला. मोठी माणसे हळहळली, पण गप्प राहिली. शाळकरी केशवाने काय करावे? त्याने त्या मांडवालाच काडी लावली! या कृत्याचे समर्थन करावे की नाही, हा प्रश्न वेगळा. घरी त्याचे जे व्हायचे ते झालेच असणार. परंतु जरठ-कुमारी विवाहावर पुढे त्यांनी जे जळजळीत लिखाण केले, त्याची ठिणगी पनवेलच्या या मांडवात पडली होती, हे ध्यानात ठेवावे.

पत्रकारितेचे बीजही येथेच रुजले. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ त्या काळी घरोघर वाचले जाई. ते पाहून या मुलाने ‘विद्यार्थी’ नावाचे चिमुकले पत्र काढले. घरगुती साधनांनी प्रती काढावयाच्या आणि सवंगड्यांत वाटावयाच्या, असा तो उद्योग. याच गावात त्यांना एक गुरू लाभले. ‘केरळकोकिळ’ मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे नाव आज विस्मृतीत गेले आहे. पण १८८६ साली थेट कोचीनमध्ये मराठी मासिक सुरू करणारा आणि परखड ग्रंथपरीक्षणांनी लेखकांना धाक घालणारा हा संपादक त्या काळी मोठ्या मानाचा होता. पनवेल मुक्कामी त्यांचा सहवास घडला आणि लेखनकलेचे धडे मिळाले. ब्राह्मणद्वेष्टे म्हणून ज्यांची पुढे संभावना झाली, त्या ठाकऱ्यांनी आपले गुरुपद एका ब्राह्मण संपादकास आदराने दिले होते, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी क्वचितच लक्षात घेतली.

पनवेलला इंग्रजी शिक्षण पुढे होईना, म्हणून कल्याण, बडोदे, देवास अशी त्यांची भ्रमंती झाली. मॅट्रिकच्या परीक्षेच्या फीसाठी पैसे पुरे पडले नाहीत आणि ती परीक्षा राहिली ती राहिलीच. पदवी नाही आणि घरची जबाबदारी अंगावर, अशा तरुणाने जे मिळेल ते केले. पाट्या रंगविल्या, रबरी शिक्के केले, छायाचित्रे काढली, ग्रामोफोन विकले, विम्याचे काम केले, नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडले. अखेर मुंबईत सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनीची सरकारी नोकरी मिळाली. आपल्याकडे ज्याला ‘धड एक धंदा नाही’ असे म्हणतात, तसे हे आयुष्य वरवर दिसते. परंतु शिक्का कोरणारा, पाटी रंगविणारा, माणसाला माल पटवून देणारा असा हा हात पुढे लेखणीकडे वळला तेव्हा त्याला मथळा कसा द्यावा, कोणता शब्द कोठे ठोकावा, हे निराळे शिकावे लागले नाही.

ग्रंथकार म्हणून त्यांचे नाव प्रथम गाजले ते एका वादामुळे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीविषयी केलेल्या विधानांना उत्तर म्हणून त्यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहिले. स्वज्ञातीचा कैवार घेऊन लेखणी हाती धरणारे पुष्कळ असतात आणि बहुतेक तेथेच थांबतात. ठाकरे थांबले नाहीत. आपल्या ज्ञातीवर अन्याय का झाला, याचा शोध घेता घेता इतरांवर याहून किती मोठा अन्याय झाला आहे, हे त्यांना दिसले आणि ‘भिक्षुकशाही’ हा त्यांच्या लेखणीचा नित्याचा विषय झाला. येथे एक खुलासा अवश्य आहे. त्यांचा रोष ब्राह्मण माणसावर नव्हता, धर्माच्या नावावर चालणाऱ्या मक्तेदारीवर होता. ती कोणत्याही जातीच्या हाती असो. त्यांची भाषा मात्र कित्येकदा मर्यादा ओलांडी, हे त्यांचे चाहतेही नाकारणार नाहीत. मलाही त्यांचे काही लेख वाचताना पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले आहे, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा उघडलेही आहे.

१६ ऑक्टोबर १९२१ रोजी दादर येथून ‘प्रबोधन’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्या वेळी ते सरकारी नोकरीतच होते आणि पत्र काढण्यासाठी त्यांना खास परवानगी मिळवावी लागली होती. तो काळ राजकीय चळवळीचा. लोकमान्य टिळक वर्षापूर्वीच दिवंगत झाले होते आणि असहकाराचे वारे देशभर वाहत होते. परकीय सत्तेविरुद्ध लिहिणारी पत्रे होती, तिची तळी उचलणारीही होती. ठाकऱ्यांनी निराळाच मार्ग धरला. राजकीय गुलामगिरीइतकीच सामाजिक आणि धार्मिक गुलामगिरी भयंकर आहे आणि ती दुसऱ्या कोणी लादलेली नसून आपणच आपल्या घरात पोसलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे कोणत्याच पक्षास सोयीचे नव्हते. असे पत्र चालवणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही. एक एक खिळा हाताने जुळवून मजकूर उभा करावयाचा, मुद्रिते तपासावयाची, कागदाची उधारी भागवावयाची, वर्गणी थकलेल्यांना स्मरणपत्रे धाडावयाची आणि या सर्वांतून वेळ काढून अग्रलेख लिहावयाचा! ‘प्रबोधन’मधील लिखाणाचा मोठा वाटा त्यांच्या एकट्याचा असे.

‘प्रबोधन’च्या आगेमागेच त्यांनी हुंड्याविरुद्ध मोहीम उघडली. ‘कुमारिकांचे शाप’ ही त्यांची पुस्तिका याच विषयावरची. पण लिहून हुंडा बंद होत नाही, हे ते जाणून होते. तरुणांना हाताशी धरून त्यांनी हुंडा विध्वंसक संघ उभारला. कोठे हुंडा घेऊन लग्न होत असल्याची खबर लागली की ही मंडळी तेथे हजर होत. आधी समजावणी करीत. वरपिता ऐकेना तर गाढवांची वरात काढून त्याची शोभा करीत. प्रतिष्ठेपोटी घेतलेला हुंडा प्रतिष्ठेपोटीच परत करावयास लावणे, असा हा मामला होता. हा संघ प्रथम त्यांच्या स्वतःच्या ज्ञातीतील लग्नघरांवर गेला, हे विशेष. आपल्या व्यापारी समाजात हुंडा हा शब्द आता कोणी उच्चारीत नाही. ‘व्यवहार’, ‘भेट’, ‘मुलीच्या नावावर’ असे मऊ शब्द आले आहेत. ठाकऱ्यांनी हे शब्द ऐकले असते, तर ‘प्रबोधन’मध्ये त्यांचे काय झाले असते, हे ज्यांनी त्यांचा एक लेख वाचला आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज या पत्राचे चाहते होते. परंतु राजाश्रय आणि पत्रकार यांचे नाते नाजूक असते. महाराजांनी एकदा त्यांची परीक्षा पाहिल्याची हकीकत आहे. पुराणांविरुद्ध एक ग्रंथ लिहावा आणि त्यापोटी पाच हजार रुपये घ्यावेत, असा निरोप आला. १९२०च्या सुमारास पाच हजार ही काही लहान रक्कम नव्हती आणि विषय तर ठाकऱ्यांच्या आवडीचा. त्यांनी नकार दिला. लेखणी भाड्याने द्यावयाची नाही, मग भाडे देणारा आपल्या विचारांचा का असेना, हा त्यांचा बाणा होता. पुढे कोल्हापुरातील अंबाबाईच्या देवळाच्या प्रकरणात महाराजांची भूमिका पटली नाही, तेव्हा ‘अंबाबाईचा नायटा’ हा लेख लिहून त्यांनी खुद्द महाराजांनाही सोडले नाही. महाराजांचा मोठेपणा असा की, त्यांनी त्याबद्दल आकस धरला नाही. अखेरच्या भेटीत त्यांनी ठाकऱ्यांकडे एक काम सोपविले : साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांची बाजू मांडावयास विलायतेस गेलेले रंगो बापूजी यांचा खरा इतिहास लिहिण्याचे. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. ठाकऱ्यांनी तो ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला. दिलेला शब्द सव्वीस वर्षे सांभाळला गेला.

आता ज्या भागासाठी हा लेख विशेषेकरून लिहिला, त्याकडे वळू. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आपल्या समाजास परके नाही. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जाऊन जेवल्यावरून त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. १९१४च्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा छळ झाला, तरी त्यांनी ती दिली नाही. ज्या बोर्डिंगातून भाऊराव बाहेर पडले, त्याचा कारभार लठ्ठ्यांकडेच होता, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराचे मोल कळते. पुढे १९१९ साली कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

हे भाऊराव आणि आपले केशवराव साताऱ्याकडे एकत्र आले. धनजीशा कूपर या पारशी उद्योगपतींनी साताऱ्याजवळ पाडळी येथे लोखंडी नांगरांचा कारखाना काढला होता आणि भाऊराव त्या उद्योगात त्यांचे उजवे हात होते. (हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते.) कूपर यांच्या आमंत्रणावरून ठाकऱ्यांनी ‘प्रबोधन’चा संसार पाडळीस हलविला. दादरहून छापखाना आणि बिऱ्हाड हलवून एका खेड्यात जाणे हे धाडसच. परंतु आश्रयदात्याचा आणि संपादकाचा सूर फार काळ जमला नाही. भाऊरावांचेही कूपर यांच्याशी बिनसले. कारखान्याच्या उत्कर्षातून शिक्षणासाठी पैसा मिळेल ही त्यांची आशा विफल झाली होती. रागाच्या भरात भाऊराव पिस्तूल घेऊन निघाले, तेव्हा त्यांना अडवून शांत करणारे गृहस्थ म्हणजे प्रबोधनकार. हा प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे.

वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. त्या दिवशी ते अडविणारे हात नसते, तर? १९२४ साली साताऱ्यात उघडलेले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झालेले ते वसतिगृह, जेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवत, ते कोणी चालविले असते? वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले मंगळसूत्र मोडले, ती कथा तरी कोठून घडली असती? भाऊराव ठाकऱ्यांना गुरुस्थानी मानीत. अहिंसेचा वारसा जन्माने लाभलेल्या भाऊरावांना एका हिंसक क्षणापासून परावृत्त केले ते, ज्यांची लेखणी ज्वालाग्राही म्हणून प्रसिद्ध होती, त्या पनवेलच्या पत्रकाराने!

पाडळीहून ‘प्रबोधन’ पुण्यास गेले. तेथे विरोधाची धार आणखी वाढली. घरासमोर मेलेले गाढव आणून टाकण्यापर्यंत विरोधकांची मजल गेली, असे सांगतात. ‘लोकहितवादी’ नावाचे साप्ताहिकही त्यांनी काही काळ चालविले. खंड पडत, जागा बदलत, कर्ज वाढत ‘प्रबोधन’ १९३०च्या सुमारास थांबले. एवढ्याशा आयुष्यात या पत्राने संपादकाला जे नाव दिले ते मात्र कायमचे चिकटले. केशव सीताराम हे नाव मागे पडले आणि ‘प्रबोधनकार’ उरले.

१९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा अधिकार हवा, या मागणीसाठी ते पुढे झाले. डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर बोले हेही त्या वेळी उपस्थित होते. त्या वादानंतर ठाकऱ्यांनी सर्वांना खुला असा सार्वजनिक नवरात्रोत्सव दादरला सुरू केला. म्हणजे ते केवळ मोडणारे नव्हते. मात्र ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ हा त्यांचा लेख देवस्थानांच्या विश्वस्तांनी एकदा तरी वाचावा असा आहे. देवापुढे संपत्ती साचते आणि देवळाच्या पायरीवर माणूस उपाशी मरतो, याचा जाब त्यांनी त्यात विचारला आहे. त्यांचे सर्वच निष्कर्ष आपण मान्य करू असे नाही. जिनमंदिराकडे पाहण्याची आपली दृष्टी वेगळी आहे. तरीही पन्नास वर्षांचा हिशेब मांडावयास बसलेल्या न्यासाने, आपल्या निधीतला किती पैसा दगडाकडे गेला आणि किती विद्यार्थ्यांकडे, रुग्णांकडे गेला, हा त्यांचा प्रश्न स्वतःस विचारून पाहण्यास हरकत नसावी.

उत्तरायुष्यात त्यांनी नाटके लिहिली, गाडगेबाबा आणि पंडिता रमाबाई यांची चरित्रे लिहिली, आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ चित्रपटात भूमिकाही केली. सत्तरी ओलांडल्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले. त्यांचे चिरंजीव बाळ ठाकरे यांनी १९६० साली व्यंगचित्र साप्ताहिक काढावयाचे ठरविले, तेव्हा त्याला ‘मार्मिक’ हे नाव वडिलांनीच सुचविले.

२० नोव्हेंबर १९७३ रोजी प्रबोधनकारांचे मुंबईत निधन झाले. ‘माझी जीवनगाथा’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांचे समग्र वाङ्मय पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने खंडशः प्रकाशित केले असून ‘प्रबोधन’मधील लेख आज त्यात वाचावयास मिळतात. ज्यांना एवढे वाचण्यास सवड नसेल, त्यांनी निदान जीवनगाथेची सुरुवातीची प्रकरणे वाचावीत. त्यांत बयची लगबग आहे, ‘विद्यार्थी’चे अंक आहेत, आणि आपले जुने पनवेल आहे.